मास्तरांचा उजवा पाय

मास्तर कुठल्याही शाळेत नव्हते. ते गाडी चालवायला शिकवत. अर्धं गाव मी रस्त्यावर आणलं, असं ते स्वतःच म्हणत आणि ऐकणाऱ्याच्या आधी स्वतःच हसत. आवाज असा खणखणीत की शेवटच्या रांगेतल्या माणसालाही पोचावा. गाडीत मात्र तो इतका खाली यायचा की घाबरलेल्याचा श्वास आपोआप संथ व्हावा. "क्लच सोडायचा कसा? झोपलेल्या बाळाच्या मानेखालून आपण हात काढतो ना, तसा." एवढं ऐकलं की लेकरं वाढवलेल्या बायकांना क्लच पहिल्याच दिवशी जमायचा. पुरुषांना जरा वेळ लागायचा.

त्यांच्या शिकवणीच्या गाडीला दोन ब्रेक होते. एक शिकणाऱ्याच्या पायाशी, दुसरा शेजारी बसणाऱ्या मास्तरांच्या पायाशी. दोन्ही एकाच दांड्याने जोडलेले, एक दाबला की दुसराही खाली जायचा. नाटकात विंगेत संहिता घेऊन प्रॉम्प्टर उभा असतो ना, तसा तो दुसरा ब्रेक. नटाची वाचा बसली तरच त्याने तोंड उघडायचं, एरवी आपण तिथे आहोत हे कुणाला कळूसुद्धा द्यायचं नाही. मास्तर तसे होते. निदान त्या वर्षापर्यंत होते.

त्या वर्षी त्यांच्या थोरल्या भावाला अर्धांगाचा झटका आला. सकाळचा चहा घेता घेता दादांच्या हातातून कप निसटला आणि पाठोपाठ ते स्वतः कलंडले. मास्तर टेबलाच्या अलीकडच्या बाजूला बसले होते. त्यांनी हात पुढे केला, तो पोचला नाही. दादा वाचले, पण उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणं दोन-चार शब्दांवर आलं.

तेव्हापासून मास्तरांच्या जिवाला स्वस्थता म्हणून नव्हती. जेवताना उठत, उठले की कशाला उठलो ते विसरत. दार लावलं का, गॅस बंद केला का, म्हणून अर्ध्या रस्त्यातून परत येत. बायको म्हणायची, "झोपेत माझ्या पायावर ब्रेक मारता. मी कुठे पळून चाललेय?"

दादांची स्वतःची गाडी शेडमध्ये उभी होती. रोज संध्याकाळी ते वहिनींना खुणेने सांगत आणि त्या त्यांना धरून गाडीत नेऊन बसवत. दिवे लागेपर्यंत ते काचेतून समोरच्या भिंतीकडे बघत राहत. वहिनींनी तोवर स्टिअरिंगवर फडकं मारण्यापलीकडे गाडीला हात लावला नव्हता. पण व्यायामाच्या दवाखान्यात न्यायला रोज उठून कुणाचे पाय धरायचे? त्यांनी एक दिवस पदर खोचला आणि दिराला म्हणाल्या, "भाऊजी, मला शिकवा."

शिकल्याही भराभर. पण परीक्षेत नापास झाल्या. उतारावर रेषेपाशी गाडी थांबवायची होती, ती रेषा ओलांडून चांगली हातभर पुढे गेली.

"ब्रेक वेगळाच लागला," त्या बाहेर येऊन म्हणाल्या. "पेडल वर आल्यासारखं वाटलं. गाडीही नुसती धावत सुटली. आपली गाडी वाटेचना ती."

"परीक्षेची धास्ती, वहिनी. दुसरं काही नाही."

"असेल. आणखी एकदा बसते. तेव्हाही नाही जमलं तर गाडी विकून टाकू. रोज त्यांना त्या भिंतीकडे बघत बसलेलं मला आता बघवत नाही."

मास्तरांनी मान हलवली, पण हे वाक्य त्यांच्या काळजात रुतून बसलं. दादांच्या संध्याकाळीच त्या गाडीबरोबर विकल्या जाणार होत्या.

आणि नेमका त्याच सुमारास वास सुरू झाला. उतार संपता संपता केस जळल्यासारखा करपट वास शिकवणीच्या गाडीत शिरायचा, त्यात तापलेल्या लोखंडाचीही भर. काच उतरवली की जास्तच.

उताराच्या पायथ्याशी एक गॅरेज होतं. तिथला मेकॅनिक इंजिनाला स्क्रूड्रायव्हर टेकवून दुसरं टोक कानाशी धरायचा, म्हणून त्याला सगळे डॉक्टर म्हणत. त्याने चारी चाकांजवळून तळवा फिरवला.

"मागची दोन्ही गार आहेत. म्हणजे हँडब्रेक अडकलेला नाही. पुढची तापलीत."

"पुढचा ब्रेक अडकला असेल."

"अडकतो तो एका बाजूचा अडकतो, मास्तर. एकच चाक तापतं, गाडी त्या बाजूला ओढते. इथे दोघंही सारखी तापलीत, जुळ्यांना एकदम ताप यावा तशी."

त्याने चाकं काढली. पॅड झिजून कागद झाले होते. नवे घातले, सगळं साफसूफ केलं, चाक उचलून हाताने फिरवून दाखवलं. गरगर फिरलं. स्वतः उतारावर चक्कर मारून आला. वास नाही. मास्तरांनी एकट्याने चालवून पाहिली. वास नाही. दुसऱ्या दिवशी शिकवणी झाली आणि वास हजर.

"म्हणजे पोरांचा पाय," मास्तरांनी निकाल दिला. "ब्रेकवर पाय ठेवून चालवतात, दुसरं काय." मग त्यांनी शिकणाऱ्या एकेकाला फैलावर घेतलं. कधी आवाज न चढवणारा माणूस गाडीत ओरडायला लागला. एका शिंप्याने तर रस्त्यातच गाडी उभी केली आणि म्हणाला, "मास्तर, मी पायीच जातो. माझी मशीनसुद्धा पायाचीच आहे, तिच्यावर कोणी ओरडत नाही."

परीक्षेच्या आदल्या दिवशी आभाळ भरून आलं होतं. वहिनी चपला काढून, अनवाणी पायांनी चालवत होत्या, पेडल नीट कळावं म्हणून. उतार संपला आणि तोच वास.

"वहिनी, किती वेळा सांगू? पाय ब्रेकवर ठेवायचा नाही. तुमच्याने हे होणार आहे की नाही, ते तरी एकदा सांगून टाका."

 वहिनींनी गाडी गॅरेजकडे पाठ करून सपाटीला घेतली, हँडब्रेक ओढला, गिअर काढला, इंजिन बंद केलं आणि दार उघडून खाली उतरल्या. डॉक्टर हात पुसत बाहेर आला. वहिनी पदर नाकाला लावून गाडीच्या मागे गेल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या. डॉक्टरही शेजारी आला.

"भाऊजी," त्यांनी हाक मारली. "मी इथे उभी आहे ना?"

"आहात की."

"आणि डॉक्टर माझ्या शेजारी."

"दिसतोय मला."

"मग ब्रेक कोण दाबतंय?"

मास्तरांनी वळून पाहिलं. गॅरेजच्या अर्ध्या ओढलेल्या पत्र्याच्या शटरवर गाडीच्या मागच्या ब्रेकदिव्याचा लाल उजेड पडला होता. चालकाची जागा रिकामी, दार सताड उघडं, आणि दिवा लागलेला. मास्तरांनी खाली पाहिलं. त्यांचा उजवा पाय त्यांच्या पेडलवर होता. दाबलेला म्हणावा तर नाही, नुसता टेकलेला, मालकाच्या नकळत ओट्यावर चढून बसलेल्या मांजरासारखा. त्यांनी तो उचलला. शटर काळं पडलं.

"सापडला पेशंट," डॉक्टर म्हणाला.

वहिनी हसल्या नाहीत. त्या येऊन आपल्या जागेवर बसल्या. "म्हणजे इतके दिवस पेडल थोडं खालीच होतं. गाडी जड होती म्हणून मी रेस जास्त देत होते. आणि परीक्षेत शेजारी साहेब बसले, ते पाय आवरून." त्यांनी स्टिअरिंगवर हात ठेवले. "त्या दिवशी मी पहिल्यांदाच एकटीने गाडी चालवली, भाऊजी."

मास्तरांना आयुष्यात शब्द कधी कमी पडले नव्हते.  "दादांना धरायला हात पोचला नव्हता, वहिनी," ते कसेबसे म्हणाले.

"पोचला असता तरी ते पडायचे ते पडलेच असते. कप तेवढा वाचला असता." वहिनींनी चावी फिरवली. "आता बूट काढा, आणि मांडी घाला."

"गाडीत?"

"गाडीत. पंगतीला बसता तशी."

आणि सबंध गावाने पाहिलं, मास्तर पुढच्या सीटवर मांडी घालून, दोन्ही गुडघे घट्ट धरून बसलेत आणि वहिनी उतार उतरतायत. पहिल्या खेपेला गाडी डॉक्टरने खडूने आखलेल्या रेषेच्या पुढे गेली. मास्तरांनी डोळे मिटून घेतले, पण मांडी मोडली नाही. पुढच्या खेपेला रेषेच्या फार अलीकडे थांबली, तीही अशी गचकन की डॉक्टरने कपाळाला हात लावला. मग वहिनींनी रेस कमी करून पाहिली. पुन्हा वर, पुन्हा खाली. अंधार पडायच्या सुमाराला त्या बोलायच्या थांबल्या आणि गाडी बोलू लागली. वास नव्हता. मास्तरांचा पाय मात्र मांडीखाली सारखा वळवळत होता, मुंग्या आल्या तरी.

दुसऱ्या दिवशी मास्तर परीक्षेच्या मैदानाच्या कुंपणाबाहेर उभे होते. दादांनाही आणून खुर्चीत बसवलं होतं. वहिनींच्या शेजारी साहेब बसले, पाय आवरून. गाडी चढावर गेली, वळली आणि उताराला लागली. मास्तर गाडीच्या पाठीकडे बघत होते. मागचा दिवा विझलेला होता. गाडी उतरत होती, दिवा विझलेलाच.  त्यांच्या आणि गाडीच्या मध्ये काहीच नव्हतं, ना दांडा, ना पेडल. आता, वहिनी. आता.

दिवा लागला. गाडी रेषेपाशी येऊन अलगद टेकली, झोपलेल्या बाळाला गादीवर ठेवावं तशी.

दादांनी डाव्या हाताने मास्तरांची बाही ओढली आणि खाली बोट दाखवलं. मास्तरांचा बूट खडीत टाचेपर्यंत रुतला होता.

"सोड," दादा म्हणाले. त्यांच्या मोजक्या शब्दांतला तो एक.

मास्तरांनी पाय उचलला आणि बुटावरची धूळ झटकली.