अकरा श्वास

अकोल्याचे रुईवाले भाऊ माणसांचे श्वास कापत असत. तो त्यांचा धंदाच होता. गाणारा दोन ओळींच्या मध्ये जो श्वास घेतो तो ते कॉम्प्युटरवर शोधत, दोन्ही बाजूंनी खूण करत आणि तेवढा तुकडा उचलून बाजूला टाकत. त्यांच्याकडे रेकॉर्ड झालेल्या गाण्यांतली माणसं कडव्यामागून कडवी गात, पण जगायला लागते तेवढी हवासुद्धा आत घेत नसत. "दम म्हंजे गान्यातला कचरा," भाऊ म्हणत. "झाडलेल्या घरातच पाहुना बसते, बाई. कचऱ्यात कोन बसन?"

मी तिवस्याच्या शाळेत शिकवते आणि गाण्याचं वेड बाळगून आहे. स्वतःच गाणं लिहायचं, स्वतःच चाल बांधायची, पदरमोड करून रेकॉर्ड करायचं आणि नेटवर टाकून किती जणांनी ऐकलं ते बघत बसायचं, अशी जी कुणी वाली नसलेली जमात आमच्या वऱ्हाडात वाढते आहे, तिच्यातली मी एक. आमच्यासारख्यांना मोठ्या शहरात कोण उभं करतं? आम्ही सगळे भाऊंकडे जात असू.

त्यांना रुईवाले म्हणायचं कारण त्यांची खोली. वडिलांचं गाद्यांचं दुकान बंद पडलं तेव्हा उरलेली सगळी रुई भाऊंनी गाद्यांमध्ये भरली आणि त्या गाद्या मागच्या खोलीच्या भिंतींना, छताला, दाराला ठोकल्या. बाहेरचा आवाज आत येत नसे आणि आतला आवाज परत फिरत नसे. तिथे टाळी वाजवली तर ती हातातच मरे. पाच मिनिटं गप्प बसलं की स्वतःच्या कानातलं रक्त वाहताना ऐकू येई. हिवरखेडचा एक भजनवाला बुवा होता, अंगानं पैलवान, पण त्या खोलीत एकटा बसायला काही केल्या तयार नसे. "मले तिथं कोनी तरी ऐकून राह्यलं असं वाटते," तो म्हणे. भाऊ हसत. "अरे बावा, ऐकासाठीच तं हाये थे खोली!"

रेकॉर्डिंग नेहमी दुपारी, कारण शेजारची पिठाची चक्की एक ते चार बंद असे; तिची घरघर तेवढी गाद्यांतूनही आत येई. अकोल्याच्या मे महिन्यातली दुपार म्हणजे काय ते अकोल्यात राहिलेल्यालाच विचारा. त्यात पंखा बंद, कूलर बंद, कारण दोघांचाही आवाज माईक पकडतो. डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून आम्ही प्रेमाची गाणी गात असू. गाणं रंगात आलं की हमखास लाईट जाई. मी चिडून पाय आपटे. भाऊ शांतपणे म्हणत, "आपटा. पाय आपटल्याचा आवाजबी येत नाई इथं."

पोटासाठी ते काहीही करत. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाची गाणी, दुकानांच्या जाहिराती, आणि कचरा गोळा करणाऱ्या घंटागाडीचं गाणंसुद्धा. ते गाणं रोज सकाळी त्यांच्याच गल्लीतून वाजत जाई आणि ते कुणाचं हे गल्लीत कुणालाच ठाऊक नसे. भाऊ बादली घेऊन दारात उभे राहत आणि मान डोलावत. "अख्खं गाव माह्या गान्यावर कचरा टाकते. अजून काय पाह्यजे कलाकाराले?"

शोभावहिनी त्यांची बायको, आणि त्यांची पहिली गायिकाही. माहेर चांदूर बाजारचं. आमचं रेकॉर्डिंग चाले तेव्हा त्या दाराबाहेर पाटावर बसत, कडीवर हात ठेवून, म्हणजे कुणी येऊन दार वाजवू नये. बसल्या बसल्या गुणगुणत. त्यांचं एक आवडतं गाणं होतं, भाऊंनीच बांधलेलं: "उंबऱ्यावर ठेवला दिवा, वारा इचारते नाव." चहाच्या वेळी ऐकून ऐकून ते मला पाठ झालं होतं. लहानपणापासून त्यांच्या छातीत थोडी तक्रार होती. ओळ सुरू करण्यापूर्वी श्वास घेताना तो मध्येच अडखळे, उंबऱ्याला पाय लागावा तसा, आणि मग पुढे जाई. भाऊ त्यांच्या गाण्यांतली ती अडखळ फार मन लावून साफ करत. "हिच्या गान्यातच सगळ्यात जास्त झाडू मारा लागते," म्हणत. वहिनी हसत आणि त्या हसण्यातही श्वास अडखळे.

वहिनी तापानं गेल्या. चार दिवसांत सगळं आटोपलं. भाऊंनी खोलीला कुलूप घातलं. मी दोनदा जाऊन आले. ते दाराशी त्याच पाटावर बसलेले असत. मग काही महिन्यांनी एक दिवस त्यांचाच फोन आला. "या बाई. गानं करू."

मी गेले, गायले. सगळं पहिल्यासारखंच होतं, एक गोष्ट सोडून. प्रत्येक वेळी सुरुवात करण्याआधी भाऊ दाराकडे बघत, जराशी मान हलवत आणि मगच बटण दाबत. मला ते बघून गलबलून आलं. त्यात दुसरं काही असेल असं मनातही आलं नाही.

ते गाणं नेटवर आलं तेव्हा मी शाळेत मधल्या सुट्टीत इअरफोन कानात घालून ऐकलं. दुसऱ्या कडव्याआधी श्वास ऐकू आला. मला आधी आनंदच झाला, म्हटलं, भाऊ सुधारले! मग लक्षात आलं. मी नाकानं श्वास घेते, तोही चोरटा. हा श्वास तोंडानं घेतलेला होता आणि मध्ये अडखळत होता. मी मागे जाऊन पुन्हा ऐकलं. मग खोली पुन्हा उघडल्यापासून भाऊंनी केलेली एकेक गाणी लावत गेले. हिवरखेडच्या बुवांच्या भजनात आधी एक बाई श्वास घेत होती आणि त्यावर बुवांचा घोगरा आवाज सुरू होत होता. घंटागाडीच्या नव्या गाण्यातही तीच. सबंध अकोल्याच्या गल्ल्यांतून रोज सकाळी शोभावहिनी श्वास घेत हिंडत होत्या आणि लोक बादल्या घेऊन धावत होते.

मला भीती वाटली हे खरं, पण त्याहून जास्त संताप आला. मी मुळातच भांडखोर. गाण्याशिवाय माझं असं माझ्याकडे फारसं काही नाही, आणि त्यात दुसरं कुणी यावं? मग ते गेलेलं माणूस का असेना. रविवारी अकोला गाठलं आणि चपला काढायच्या आत विचारलं, "भाऊ, माह्या गान्यात वहिनी कायले दम घेऊन राह्यली?"

त्यांनी नाकारलं नाही. उलट कुणीतरी ओळखलं म्हणून त्यांना बरंच वाटलं असावं. वहिनींची सगळी गाणी एकाच डिस्कवर होती, नेटवर कधी टाकलेली नव्हती, आणि वीज जा-ये करताना ती डिस्क जळाली होती. वहिनी जाऊन तेव्हा पंधरा दिवस झाले होते. "तुमा लोकायच्या गान्याच्या दोन-दोन कॉप्या ठेवल्या म्या," भाऊ म्हणाले. "घरच्या मानसाची कायले ठेवाची, मनलं. थे तं दाराशीच बसली हाये." वडिलांनी रुईचा कचराही कधी फेकला नव्हता, उशीत भरला होता. त्याच सवयीनं भाऊंनी कापलेले श्वास दुसऱ्या कॉम्प्युटरवर साठवले होते. त्यातले बरेच चुकून पुसले गेले होते. "गाने गेले, बाई. कचरा राह्यला. अकरा दम हायेत तिचे."

मी मन घट्ट केलं. म्हटलं, "वाईट वाटते भाऊ, पन माह्या गान्यातून काढा."

"काढतो. तुमचं गानं हाये. पन एक डाव आत बसून ऐका."

आम्ही खोलीत बसलो. दार लागलं. भाऊंनी ते श्वास एकामागून एक लावले, मध्ये ओळीएवढी जागा सोडून. श्वास यायचा, अडखळायचा आणि पुढे काहीच नाही. प्रत्येक वेळी भाऊ मान वर करून बघत, समोर गाणारा असल्यावर बघतात तसे, आणि मान पुन्हा खाली जाई. "दम घेते," ते म्हणाले, "अन् मंग गातच नाई. तशीच थांबते. म्हनून कोनाचं तरी गानं लावून देतो तिच्या मांगं."

मी त्यांना पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितलं. गाणाऱ्याच्या अंगाला सवय असते. कानाशी कुणी श्वास घेतला की ओळ आपोआप ओठांवर येते. पहिला श्वास आला आणि मी म्हटलं, "उंबऱ्यावर ठेवला दिवा." दुसरा आला, मी पुढची ओळ घेतली. अकरा श्वासांत ते गाणं जेमतेम पूर्ण झालं. मी स्वतः त्यात कुठे श्वास घेतला ते मला आजही सांगता येत नाही. भाऊंनी माईक चालू ठेवला होता. त्यांनी ते गाणं नेटवर टाकलं नाही, फक्त माझ्या मोबाईलवर पाठवलं. माझ्या गाण्यातून श्वास काढायचा विषय मी पुन्हा काढला नाही.

त्याच वर्षीच्या थंडीत भाऊ झोपेतच गेले. मला सख्खा भाऊ नाही, पण भाऊ जाण्याचं दुःख कसं असतं हे मला त्या दिवशी समजलं.

तेरवीला जेवणं झाल्यावर त्यांचा धाकटा भाऊ म्हणाला, "बाई, दादाचं एखादं गानं लावा ना." मोबाईलमध्ये पुष्कळ गाणी होती. मी तेच लावलं. चांदूर बाजारहून वहिनींची आई आली होती, फार थकलेली, डोळ्यांनी जवळजवळ अधू. भिंतीला टेकून बसली होती. पहिला श्वास वाजला, अजून गाणं सुरूही झालं नव्हतं, आणि म्हातारीनं मान वर केली.

"शोभे?"

मग गाणं सुरू झालं. तिनं शेजारच्या बाईचा हात धरला. "ही माही शोभी होय. आयकलं काय? किती गोड गाये पोट्टी!" ज्यांना माझा आवाज ठाऊक होता तेही माझ्याकडे बघत नव्हते. "आजी, हे मी गायले," एवढे चार शब्द माझ्या जिभेवर आले होते. ते मी गिळले.

"अजून एक डाव लाव, माय," म्हातारी म्हणाली.

मी लावलं. दुसऱ्यांदा ऐकताना मलाही त्यात माझा आवाज सापडला नाही.