बोट घेऊन राहिली

विषय : कु. पल्लवी हिने इंग्लंडात राहण्याकरिता नवी अरुंद बोट घेणेबाबत.

संदर्भ : तिच्या आईचा नकार (तोंडी).

उपरोक्त विषयी निवेदन करण्यापूर्वी खुलासा. माझी उभी नोकरी मध्य प्रदेशात, सौंसरच्या एका सरकारी कचेरीत हिंदीतून टिप्पण्या लिहिण्यात गेली. आता किराण्याची चिठ्ठी मराठीत लिहायची म्हटली तरी हात आधी 'विषय' लिहितो. कचेरीत फाइली साचत, कारण त्या कोणी पुढे सरकवत नसे. निवृत्तीनंतर किस्से साचतात, कारण घरात ते ऐकायला कोणी थांबत नाही. म्हणून आम्ही चौघे रोज सकाळी पांढुर्ण्यात एका मेडिकलच्या ओट्यावर बसतो. पल्लवीचे वडील धनराजभाऊ हे निवृत्त मास्तर. गुलाबराव बँकेत होते. खुशालराव सिंचन खात्यात होते. चौथा मी.

चौघांपैकी कोणीही आयुष्यात बोटीत बसलेला नाही. गावाला जाम नदी आहे, पलीकडे सावरगाव आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीच्या जत्रेत या काठावरून त्या काठावर दगड जातात. बाकी वाहतूक पुलावरून होते.

*

पल्लवी तिकडे एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट आहे. ती भाड्याने राहायची ते घर मालकाने विकायला काढले. दिवाळीच्या आत खोली रिकामी करायची होती आणि दुसरे घर तिच्या ऐपतीत बसत नव्हते. त्या देशात जुने कालवे आहेत आणि त्यांवर लांबलचक, अरुंद, लोखंडी बोटी असतात. आत पलंग, ओटा, शेगडी, सगळे. लोक त्यातच संसार करतात. अशी एक नवी बोट तिच्या बजेटमध्ये येत होती. हे तिने आधी वडिलांना सांगितले. धनराजभाऊ बायकोला सांगण्यासाठी योग्य वेळेची वाट पाहू लागले. मास्तर लोकांना वाटते, वेळ घंटा वाजवून येते.

तेवढ्यात पुण्याहून त्यांच्या साडूंचा फोन आला. बोलता बोलता धनराजभाऊ म्हणाले, "पल्लवी बोट घेऊन राहिली."

आमच्याकडे याचा अर्थ एकच. घेते आहे, व्यवहार चालू आहे. पुण्यात 'घेऊन राहिली' म्हणजे घेतली आणि राहिलीसुद्धा.

साडू म्हणाले, "काय सांगता? कधीपासून?"

"झाला असंन महिना," धनराजभाऊ म्हणाले. महिनाभर ती बोटी बघत होती, हे खरेच होते.

दहा मिनिटांत धनराजभाऊंच्या बायकोला, सुशीलावहिनींना, त्यांच्या पुण्याच्या बहिणीचा फोन. बहीण रडतच होती. "अगं, पोरगी महिनाभर पाण्यावर राहतेय आणि तू मला एका शब्दाने बोलली नाहीस?"

वहिनींनी फोन ठेवला आणि धनराजभाऊंसमोर येऊन उभ्या राहिल्या. "माह्या पोरीची गोष्ट मले पुण्याहून कळते?"

"अवं, ते घेऊन राहिली म्हणजे..."

"मले मराठी नका शिकवू. बोट नाई घ्यायची. नाई म्हणजे नाई."

पल्लवीने तिकडून कळवले, "आई हो म्हणेपर्यंत मी बयाणा देत नाही. आणि बाबा, दिवाळी जवळ आली." अशा रीतीने प्रकरण ओट्यावर आले.

*

गुलाबरावांनी पहिल्याच दिवशी अडचण काढली. "हे घर आहे का गाडी?"

"काऊन?" धनराजभाऊंनी विचारले.

"घर असंन तर जमीन दाखवा लागते. गाडी असंन तर चाकं. याले दोन्ही नाई. बँक कर्ज देईन कशावर?"

"पोरगी तिथल्या बँकेतून घेऊन राहिली. तुमच्या शाखेत अर्ज नाई केला."

"नसंन केला. पण केला असता तर मी पास नसता केला," गुलाबराव म्हणाले. ते निवृत्त झाले तरी त्यांची नामंजुरी सेवेत आहे.

मग आम्ही बोटींकडे वळलो. पल्लवीने दोन बोटींचे फोटो पाठवले होते. पहिली आतून तयार, पण लांबीला कमी. दुसरी तेवढ्याच पैशात लांब, पण आत काहीच नाही. नुसता लोखंडी डबा आणि इंजिन. आतले काम आपण हळूहळू करायचे. ही दुसरी सगळ्यांना पटली.

"हे तं स्लॅब पडलेलं घर झालं," खुशालराव म्हणाले. "प्लास्टर बाकी. आपलं अर्धं गाव असंच राहून राहिलं."

धनराजभाऊ म्हणाले, "माझ्याच घराचं वरचं प्लास्टर बाकी आहे."

"पल्लवी शाळेत असल्यापासून बाकी आहे. म्हणून तर ती दुसरी घेऊ नये," मी म्हणालो. तयार बोटीवर एकमत झाले.

*

दोन दिवसांनी पल्लवीने नवी माहिती दिली. बोट कायम एका जागी बांधायची तर त्या जागेचे वेगळे भाडे. ते परवडत नसेल तर दर पंधरवड्याला बोट पुढच्या ठिकाणी न्यायची.

आम्ही चौघांनी मिळून शंभरेक वर्षे नोकरी केली असेल, आणि त्यातली निम्मी बदली रद्द करवण्यात.

"दर पंधरा दिवसांनी बदली?" गुलाबराव म्हणाले.

"होय," धनराजभाऊ म्हणाले.

"कोणाले भेटलं तर थांबते?"

"तिथं भेटून नाई होत म्हणते."

"मग तो देश चालते कसा?"

मी म्हणालो, "यात एक सोय आहे. बदली झाली की सामान बांधायला लागत नाही. घरच चार्ज सोडून निघतं." हे माझे वाक्य मला आवडले होते. खुशालरावांनी ते दुपारपर्यंत स्वतःचे म्हणून सौंसरच्या बसमध्ये सांगितले.

*

खुशालरावांची शंका मात्र खात्याची होती. त्यांनी उभ्या हयातीत कालवा पाहिला तो रब्बीत सुटणारा. आम्हा सगळ्यांना घेऊन ते धनराजभाऊंच्या घरी रीतसर व्हिडिओ कॉलवर बसले. पल्लवी दवाखान्याच्या कॅन्टीनमध्ये होती. वहिनी आतल्या खोलीत दाराशी होत्या, ऐकत नसल्यासारख्या.

"बेटा, तुह्या कालव्याले पाणी कधी सोडते?"

"काका, तो भरलेलाच असतो."

"उन्हाळ्यात?"

"उन्हाळ्यातपण."

"टेलपर्यंत पोचते? शेवटच्या वावरापर्यंत?"

"काका, याला टेल नाही."

खुशालरावांनी चष्मा काढून पुसला. टेल नसलेला कालवा त्यांनी पाहिला नव्हता. टेलला पाणी पोचलेला कालवाही पाहिला नव्हता. "शेतकरी रात्री मोटर टाकून उपसत नाई?"

"नाही काका."

"मग ते पाणी ठेवते कायले?"

"बोटींसाठी."

एवढ्यात दाराआडून वहिनींचा आवाज आला. नकारानंतरचे मुलीशी त्यांचे ते पहिले वाक्य होते. "खोल किती आहे विचारा."

"आई, तू आहेस तिथं? माझ्या कमरेपर्यंत. फार तर थोडं वर."

वहिनी बाहेर आल्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिले. "आठ दिवस झाले मी देव पाण्यात घालून बसली. तुमच्यापैकी एकाले विचारता नाई आलं, का बाई, पाणी किती?"

आम्ही बेंबीच्या देठापासून चर्चा केली होती. कर्ज, बदली, प्लास्टर, सगळे झाले होते. हे राहिले होते.

*

तरी वहिनींचा होकार आला नाही. त्या म्हणाल्या, "फोटोत सगळंच मोठं दिसते. मले रुंदी दाखवा."

रुंदी सात फूट. भिंती, कपाटे धरली की आत त्याहून कमी. सौंसरच्या रस्त्याला धनराजभाऊंची संत्र्याची बाग आहे. तिथे झाडांच्या दोन ओळींमध्ये आम्ही चुन्याने बोट आखली. मापे पल्लवीने पाठवली होती. पलंगाच्या जागी संत्र्याचे खोके लावले, ओट्याच्या जागी खोक्यांवर फळी. न्हाणीघराला चार काठ्या आणि वहिनींची जुनी साडी. गुलाबराव टोकाला सुकाणू म्हणून फावड्याचा दांडा धरून उभे राहिले. बाजूच्या शेतातला माणूस कापूस वेचायचे थांबून बघत होता. त्याने विचारले, "काय पूजा आहे का जी?"

"बोट आहे," गुलाबराव म्हणाले.

तो पुन्हा वेचायला लागला.

वहिनींनी स्टोव्ह मांडला आणि पोहे टाकले. सगळ्यांनी चुन्याच्या आतच राहायचे, असा त्यांचा हुकूम. पाण्याचा तांब्या घ्यायला खुशालराव निघाले तर धनराजभाऊंना पलंगावर चढावे लागले. मी न्हाणीघरात अडकलो. गुलाबराव सुकाणू सोडून पोह्यांकडे आले, तर वहिनी म्हणाल्या, "मागं जा. पोरगी बुडंन."

पोहे झाल्यावर त्या ओट्यापासून पलंगापर्यंत आणि परत अशा चालल्या. दोन्ही हात पसरून पाहिले. मग खोक्यावर बसल्या.

"यात दोन माणसाईले भांडता येत नाई," त्या म्हणाल्या. "भांडाले मागं सरकाले जागा लागते."

"मग?" धनराजभाऊंनी विचारले.

"मग काय. एकटी आहे तोवर बरी आहे, आणि दुकटी झाली तर आणखी बरी आहे. सांगा तिले, घे म्हणा. पण मी येऊन पाहीन."

धनराजभाऊ तिथूनच फोन लावायला गेले. बागेत रेंज नव्हती. ते चुन्याची रेघ ओलांडून रस्त्यापर्यंत पळत गेले. वहिनी मागून ओरडल्या, "आता तुम्हीपण बुडाले."

*

पल्लवीने बोट घेतली. तिकडे प्रत्येक बोटीला नाव ठेवतात आणि ते बाजूवर रंगवतात. ओट्यावरून आम्ही पाच-सहा नावे सुचवली, त्यात गुलाबरावांचे 'लोकसेवा' हेही होते. तिने कोणाचेच घेतले नाही. एका सकाळी फोटो आला. हिरव्या पत्र्यावर पिवळ्या रंगात, देवनागरीत : सुशीला.

वहिनींनी फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. बराच वेळ पाहिला. मग फोन परत दिला आणि म्हणाल्या, "वेलांटी बरोबर आहे."

त्याच दिवशी त्यांनी पासपोर्टचा अर्ज भरायला लावला. चौकशीसाठी ठाण्यातून हवालदार घरी आले. मूळचे रीवाकडचे, भाषा हिंदी. पण इथे काही वर्षे काढल्याने त्यांना एक गोष्ट पक्की कळली होती. पांढुर्ण्याची माणसे 'नाव' म्हणाली की ती 'नाम' म्हणत असतात. वहिनींनी मात्र साहेबांना सोयीचे पडावे म्हणून मुद्दाम हिंदी बोलायचे ठरवले होते, आणि हिंदीत 'नाव' म्हणजे बोट. मी आणि धनराजभाऊ बाजूला बसलो होतो. मध्ये बोलायचे नाही, अशी आम्हाला ताकीद होती.

"माताजी, नाम?"

"सुशीला."

"किसके पास जाना है?"

"बेटी के पास."

"बेटी रहती कहाँ है?"

"नाव में."

"हाँ हाँ, नाव ही बताइए बेटी का."

"बेटी का पल्लवी. नाव सुशीला है."

"नाव तो आपका सुशीला है."

"मेरा भी है. नाव का भी है."

हवालदारांनी पेन थांबवले. "नाव का नाव?"

"हाँ. सुशीला."

"अच्छा, वहाँ आप ठहरेंगी कहाँ?"

"सुशीला में."

"और पता क्या लिखूँ?"

"पंधरा दिन में बदलता है. सुशीला लिखो."

हवालदारांनी चहा संपवला, बशी खाली ठेवली आणि वहिनींकडे नीट पाहिले. "माताजी, सुशीला तो यहीं बैठी हैं."

"हाँ," वहिनी म्हणाल्या. "इसी वास्ते तो जाना है."

ठाण्यातून अहवाल वर गेला. त्यातला शेरा मला कळला तो असा : 'आवेदिका निवास पर उपस्थित मिलीं. आवेदिका अपने ही पास जाना चाहती हैं. मार्गदर्शन अपेक्षित.'

अर्ज प्रलंबित आहे.