अर्धा पार, अख्खा वड

रा. रा. अनंतरावांची आणि माझी ओळख एका वाळक्या फांदीने करून दिली. मी तेव्हा लालबागेच्या रस्त्यावरील मुलींच्या शाळेची मुख्य शिक्षिका होते. शाळेच्या दारासमोर एक जुना वड आहे. त्याची एक मोठी फांदी मधल्या सुट्टीच्या तोंडावर आमच्या अंगणात कोसळली. मुली अजून आत होत्या, म्हणून वाचल्या. मी तशीच वॉर्डाच्या कचेरीत गेले. तेथल्या कारकुनाने पान चघळत विचारले, "झाड पडलं की फांदी?"

"फांदी," मी म्हटले.

"मग झाड पडलं म्हणजे या."

त्यावर मी जे बोलले ते गौरवग्रंथात छापण्याजोगे नाही. पण ते आतल्या खोलीपर्यंत पोचले असावे, कारण दुसऱ्या दिवशी शाळा भरण्याआधीच रस्त्यांवरील झाडांचे ओव्हरसिअर अनंतराव स्वतः वडाखाली उभे होते.

कॉन्व्हेंटात मदर आम्हाला सांगत, की कोणाची स्तुती करायची तर ती बेताने आणि पुराव्यानिशी करावी. त्या शिकवणीला धरूनच मी लिहिते आहे. अनंतरावांच्या षष्ट्यब्दीनिमित्त या ग्रंथात त्यांना ऋषी, तपस्वी, वृक्षांचे मायबाप असे पुष्कळ काही म्हटलेले असेल. मी त्यांना नियमाने वागणारा नोकर म्हणते. माझ्या कोशात याहून मोठा शब्द नाही.

त्या सकाळी त्यांनी फांदीकडे पाहिलेच नाही. ते वडाच्या पाराशी वाकले. शेजारच्या वाडीचे मालक, शेठजी, यांनी वडिलांच्या स्मरणार्थ वडाभोवती उंच दगडी पार बांधून आत माती भरून घेतली होती. सगळ्या रस्त्यात त्या पाराची वाहवा होती. अनंतरावांनी कोपऱ्यातली माती हाताने उकरली आणि मला बोलावून दाखवले. खोड खाली सडत चालले होते.

"बाई, याला गळ्यापर्यंत पुरलाय," ते म्हणाले. "मुळांना हवा नाही, पाणी नाही. आज फांदी पडली. उद्या कारकून म्हणतो तसं झाडच पडेल."

"मग पार फोडा," मी म्हटले.

"अर्धाच फोडता येईल."

मला ती थट्टा वाटली. थट्टा नव्हती. रस्त्याची हद्द नेमकी वडाच्या खोडातून जात होती. गटाराकडची बाजू सरकारी रस्ता, पलीकडची शेठजींची वाडी. वडाला ही हद्द ठाऊक नव्हती, पण अनंतरावांना होती. शेठजींना विचारले तर ते म्हणाले, "माझ्या बापाच्या नावाचा दगड मी हलवू देणार नाही." झाले. ठरलेल्या दिवशी माणसे आली आणि रस्त्याकडचा अर्धा पार त्यांनी हद्दीपर्यंत, सुरीने भाकरी कापावी तसा, कापून नेला. मुळे उघडी केली, सडका भाग काढला, खत घातले, कुंपण केले. पलीकडच्या अर्ध्याला बोट लावले नाही.

रस्ता चिडला. त्या वडाखाली जानकीबाई कोळीण मासळी विकायला बसे, आजही बसते. तिचा माल पाराच्या दगडावर ओळीने मांडलेला असायचा. तिने अनंतरावांना भर रस्त्यात सुनावले, "अर्धा डोका भादरून न्हावी पलाला, तसा केलास तू! करायचा तर पुरा कर, नाय तर हात लावू नको!"

खरे सांगायचे तर माझेही मत तेच होते. शेठजी गावी गेलेले पाहून मी अनंतरावांना म्हटले, की आता उरलेला अर्धा पाडून टाका, कोण विचारतो? ते म्हणाले, "बाई, आपण एका मुलीला दुसरीच्या पाटीवर लिहू देता का?"



पुढे चैत्र आला. वडाने रस्त्याच्या बाजूने तांबूस पालवी काढली. वाडीच्या बाजूच्या फांद्या मात्र खराट्यासारख्या उघड्याच राहिल्या. एकाच झाडाला दोन ऋतू! ट्रॅमगाडीतून जाणारे लोक माना वळवून पाहू लागले. ज्येष्ठात वटपौर्णिमेला तर मौज झाली. सूत गुंडाळणाऱ्या बायकांना प्रत्येक फेरीत अर्ध्या वाटेवर पार चढावा लागे आणि अर्ध्या वाटेवर उतरावा लागे. चढल्या की डोक्यावर ऊन, उतरल्या की दाट सावली. जानकीबाई टोपलीमागून ओरडली, "सात जल्माचा नवरा मागताव ना? बघा बायांनू, चढावर कसा आणि उतारावर कसा तो!"

त्या बायकांत शेठजींच्या पत्नीही होत्या. त्यांनी घरी जाऊन काय सांगितले ते मला ठाऊक नाही. पण त्याच आठवड्यात शेठजींनी स्वतःचे गवंडी लावून आपला अर्धा पार काढून टाकला, आणि वडिलांच्या नावाचा दगड आपल्या ओट्यात बसवला. पुढच्या चैत्रात वड सगळीकडून फुटला. अनंतरावांनी त्या बाजूला एक कुदळही मारली नव्हती. कायद्याने वागूनही काम होते, हे मी तेव्हा प्रथम पाहिले. शाळेत मी ते फक्त शिकवत आले होते.

प्लेगच्या दिवसांत या शहराने फार पाहिले, त्यात झाडांनीही पाहिले. चाळींत उजेड आणि हवा गेली पाहिजे, म्हणून खिडक्यांसमोरची झाडे तोडा, असे वरून फर्मान निघाले. दुसऱ्या कोणी कुऱ्हाडी वाटल्या असत्या. अनंतराव चाळींच्या खोल्याखोल्यांतून गेले. खिडकीशी आतून उभे राहायचे, कोणती फांदी उजेड अडवते ते पाहायचे, तेवढीच खाली येऊन उतरवून घ्यायची आणि जखमेवर शेणमाती लिंपायची, ही त्यांची पद्धत. चिंचपोकळीच्या एका चाळीत मी त्यांच्याबरोबर होते, कारण त्या घरची मुलगी माझ्या शाळेतली. तिची आई मालवणकडची, नवरा गिरणीत. कोट-पगडी पाहून ती दार अडवून उभी राहिली. तिला वाटले, आजारी माणूस शोधून न्यायला कोणी आले. "माझ्या घरात कोण्णाक ताप नाय," ती म्हणाली, आणि आतून मूल खोकले.

अनंतराव उंबऱ्याबाहेरच थांबले. "बाई, मी माणसं न्यायला आलो नाही," ते म्हणाले. "फांदी न्यायला आलोय. तुम्ही नाही म्हणालात तर तीही नाही नेणार."

तिने दार उघडले. मुलाचा खोकला साधा होता, आणि करंजाचे ते झाड आज तिसऱ्या मजल्याला टेकले आहे. त्या रस्त्यावरील एकही झाड मुळापासून गेले नाही. उजेडाबद्दल तक्रारही कोणी केली नाही. ज्यांना याचा पुरावा हवा त्यांनी दुपारी तिथून चालत जावे. डोके तापणार नाही.

मी सेवानिवृत्त होऊन गिरगावात राहायला आले, तेव्हा गुडघ्यांनी दगा दिलेला होता. माझ्या गॅलरीसमोर एक भेंडीचे झाड आहे. ते छाटायला त्या भागाची माणसे आली, तो अनंतरावांचा वॉर्ड नव्हता. तरी ते आले, खाली उभे राहिले आणि वर पाहून विचारले, "बाई, कावळीचं घरटं आहे. पिल्लं उडेपर्यंत थांबलेलं चालेल ना?" मी म्हटले, "कावळीला विचारा." त्यांनी त्या भागाच्या ओव्हरसिअरांना विनंती केली आणि छाटणी पुढे गेली. त्यांचा स्वतःचा हुकूम तिथे चालत नव्हता, आणि तो चालल्याचा आव त्यांनी आणला नाही.

आता गौरव समितीच्या चिटणिसांची सूचना मोडते. लेखात वाद नसावा, असे ते म्हणाले होते.

समितीने अनंतरावांच्या गौरवार्थ काय करायचे ठरवले आहे? त्याच वडाभोवती संगमरवरी पार बांधायचे! त्यावर त्यांचे नाव कोरायचे! मी चिटणिसांना विचारले, तुम्हाला त्या वडाचा इतिहास ठाऊक आहे का? ते म्हणाले, "बाई, तो पार साध्या दगडाचा होता. हा शोभेचा आहे." जणू मुळांना संगमरवराखाली गुदमरणे गोड लागते.

"अनंतराव काय म्हणाले?"

"'आपली मर्जी' म्हणाले. म्हणजे संमतीच."

नाही हो, संमती नव्हे. अनंतराव आता नोकरीत नाहीत. परवानगी नव्या साहेबांनी दिली आहे आणि वर्गणी समितीची आहे. ज्या गृहस्थाने दुसऱ्याच्या अर्ध्या पाराला बोट लावले नाही, तो तुमच्या संमतीवाचून तुमच्या सत्काराला बोट लावील का? त्यांनी तोंड मिटले म्हणून आपण डोळे मिटायचे नसतात.

गेल्या सोमवारी गवंड्याने वडाभोवती चुन्याची रेघ मारली. जानकीबाई उठली आणि टोपली घेऊन बरोबर त्या रेघेवर बसली. चिटणीस धावत आले. "अगं ऊठ, इथे अनंतरावांचा सत्कार व्हायचाय!"

"मंग मी दुसरा काय करतंय?" ती पापलेटावरची माशी हाकलत म्हणाली. "तुझा दगड तुझ्या दारान ने. मी हालनार नाय."

ती अजून तिथेच बसते आहे. संगमरवर आमच्या शाळेच्या भिंतीला टेकून पडला आहे. शाळेच्या दाराशी पायऱ्या खचल्या आहेत आणि पावसाळ्यात मुली चिखलातून वर्गात येतात. समितीने तो दगड तिथे बसवावा. त्यावर अनंतरावांचे नाव कोरायलाही माझी हरकत नाही. मुली रोज वाचतील. ग्रंथ वाचणाऱ्या सर्व सभ्य स्त्री-पुरुषांनी समारंभाच्या दिवशी चिटणिसांना हेच सांगावे, अशी माझी विनंती आहे. मी सांगणारच आहे, आणि माझा आवाज आतल्या खोलीपर्यंत पोचतो.

अनंतरावांना मी वयाने वडील, म्हणून आशीर्वाद देण्याचा मला अधिकार आहे. त्यांची प्रकृती धडधाकट राहो. पुढची पुष्कळ वर्षे त्यांनी संध्याकाळी फिरत फिरत या वडापर्यंत यावे, सवयीने खाली वाकून मुळांशी हात घालून पाहावा, आणि प्रत्येक वेळी त्यांच्या बोटांना माती मोकळी लागावी.