बसल्या जागी लोहगड

लोहगडवाडीच्या टपरीवर एक काका खुर्चीत बसून मोबाईलवर गड चढत होते. घरची मंडळी खरोखर वर गेली होती. काका बघत होते ती प्रवासाची वेबसाइट वापरायला सोपी करणं ही माझी नोकरी, म्हणून मी रेंगाळलो. प्रत्येक दरवाजाच्या फोटोपाशी ते थांबत, रुमालानं कपाळ पुसत, एक भजं खात आणि पुन्हा अंगठा सरकवत. अखेर गडाचं शेवटचं ठिकाण, विंचूकाट्याचं टोक आलं.

"पोचलो बुवा!"

"काका, लय दमला असाल. अजून भजी आनू?" टपरीवाल्या मावशींनी विचारलं.

पानाच्या तळाशी मी हट्टानं घातलेलं 'सुरुवातीला जा' हे बटण होतं. "हे दाबा, क्षणात खाली याल," मी अभिमानानं म्हणालो.

"नको हो," काका म्हणाले, "एकदम उतरलं की माझे गुडघे धरतात." आणि थांबत थांबत, अंगठ्यानंच गड उतरू लागले.