छावणीतले करीम मास्टर

मनमाडला गाडी बदलून छोट्या रुळांच्या गाडीत बसलो, तेव्हाच परत फिरावं असं मला वाटलं होतं. मांडीवर ट्रम्पेटची पेटी होती. मुंबईतल्या एका हॉटेलात मी एकोणीस वर्षं जॅझ वाजवतो आणि सकाळी घरी शिकवतो. पण ज्यांनी मला हे शिकवलं, त्या करीम मास्टरांना मी तेवढीच वर्षं तोंड दाखवलं नव्हतं.

कारण सांगून टाकतो. मास्टरांचे पुढचे दात गेले, ओठांना पकड राहिली नाही, तेव्हा हॉटेलवाल्यांनी त्यांची बँडमधली खुर्ची मला दिली. मी ती घेतली. मास्टर आपल्या गावी, औरंगाबादला निघून गेले. निरोप द्यायला मी स्टेशनवरसुद्धा गेलो नाही. यंदा माझाच एक दात हलायला लागला आणि मास्टर फार आठवू लागले.

खिडकीतून दौलताबादचा किल्ला दिसला आणि थोड्याच वेळात औरंगाबाद आलं. टांगेवाल्याला म्हटलं, "छावणीत करीम मास्टरांकडे." त्याने मला थेट एका शिंप्याच्या दुकानासमोर उतरवलं. शिंप्याने माझे खांदे न्याहाळत विचारलं, "कोट शिवायचा का?" मी पेटी दाखवली तेव्हा तो हसला. "बँडवाले करीम व्हय? ते चर्चच्या पल्याड राहतेत."

दार मास्टरांच्या लेकीने, शमीमने उघडलं. आत बाजेवर मास्टर बसले होते. पूर्वीच्या निम्मे झालेले, पण ताठ.

"लठ्ठ झालास रे विनू," ते म्हणाले. "शमीम, ताट वाढ."

जेवायला नान-खलिया होता (तंदुरातली पिवळसर, मऊ रोटी आणि मटणाचा तवंग आलेला रस्सा). मास्टर नान रश्शात भिजवून सावकाश खात होते. मी तोडलेला नान ताटातच ठेवला.

"मास्टर, ती खुर्ची मी घ्यायला नको होती."

"खुर्ची कुणीतरी घेणारच होतं," ते म्हणाले. "तू भेटायला आला नाय, त्याचा गुस्सा होता. लई होता. वरीसभर तुझं नाव या घरात घेतलं नाय. खोटं कशाला बोलू?"

"मग?"

"मग पोस्टातले कुलकर्णी आले. म्हणाले, शिकवा. शिकवायला बसलो, तर तोंडातून तेच निघायचं जे तुला सांगितलं होतं. विनू असं चुकायचा, विनूला हे महिनाभर जमलं नव्हतं. तुझं नाव किती दिवस टाळणार?"

मी मान खाली घालून जेवलो. शमीमने न विचारता आणखी एक नान वाढला.

मास्टर तरुणपणी निजामाच्या फौजेच्या बँडमध्ये होते. पोलीस ॲक्शननंतर फौज मोडली, बँडही मोडला, आणि ते ट्रम्पेट घेऊन मुंबईला आले. तिथे हॉटेलात जॅझ शिकले आणि मला शिकवलं. हे मला ठाऊक होतं. परत आल्यावर त्यांनी काय केलं, ते दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात पाहिलं. शागीर्द (शिष्य) जमले होते: कुलकर्णी, लग्नाच्या बँडमधले दोघे भाऊ आणि सिल्लोडहून पहिल्या एसटीने आलेले एक कापसाचे व्यापारी.

"मी यांना तोंडानं सांगतो," मास्टर म्हणाले. "पण मी कसं वाजवायचो, ते यांनी कधी ऐकलं नाय. मी गातो, तू वाजव. तुझं काय घालू नको त्यात."

ते गाऊ लागले. आवाज फाटलेला, दात नसल्याने हवा सुटत होती, पण चाल तीच, ठेक्याच्या किंचित मागे रेंगाळणारी. मी वाजवलं.

"नाय. घाई केली."

पुन्हा वाजवलं. त्यांनी नुसती मान हलवली. तिसऱ्यांदा मात्र त्यांनी डोळे मिटले आणि न थांबता पुढचं गायला लागले. अर्धा तास ते गात होते आणि मी त्यांच्या मागोमाग जात होतो. एकोणीस वर्षांत इतकं चांगलं मी कधी वाजवलं नव्हतं.

थांबलो तेव्हा कुलकर्णींनी हळूच विचारलं, "मास्टर, तुम्ही असं वाजवत होता?"

"ह्याच्याहून बरं," मास्टर म्हणाले, आणि सगळे हसले.

शमीम दारात उभी होती. "लहानपणी ऐकलं होतं," ती मला म्हणाली. "अब्बांचं असंच होतं."

निघताना मी पाया पडायला वाकलो, तर त्यांनी दंडाला धरून उठवलं. "पुढच्या हिवाळ्यात ये. यांचं बरंच राहिलंय." मी येतो म्हणालो.

मुंबईत परतल्यावर सोमवारी शिकवणी होती. माझ्या एका विद्यार्थिनीने विचारलं, "सर, हे असं मागे रेंगाळायला तुम्हाला कोणी शिकवलं?" इतकी वर्षं मी 'ऐकून ऐकून आलं' असं सांगत आलो होतो. ते मला पटतही होतं. त्या सकाळी मी ट्रम्पेट खाली ठेवलं आणि तिला म्हटलं, औरंगाबादला, छावणीत, करीम मास्टर राहतात. तिने वही उघडून नाव लिहून घेतलं.