काकूंच्या माशांना दिलेलं औषध

शेजारच्या काकूंचे मासे माझ्या हातून मेले. परवा विहिरीत पाणी शुद्ध करायचं पोटॅश टाकताना पाणी जांभळं झालं आणि साताऱ्यातली त्यांची काचेची पेटी डोळ्यांसमोर आली. तेव्हा लढाईवर गेलेल्या त्यांच्या मुलाने सांभाळायला दिलेल्या सोनेरी माशांना बारीक किडे लागले होते. "मीठच टाक रं, शहाणपणा नगं," म्हणून काकू बाजारात गेल्या. पण विहिरींना औषध घालणारा मी. अंदाजानेच पोटॅश टाकलं. तासाभरात पाचही मासे उताणे तरंगले. काकू यायच्या आत मी पाणी बदललं आणि मीठच टाकल्याचं त्यांना सांगितलं. मुलाला त्यांची पत्रं मीच लिहायचो. "लिव, आईच्या हेळसांडीनं मेलं," त्या म्हणाल्या, आणि मी तसंच लिहिलं. तो सुखरूप परतला त्या दिवशी दोघांसमोर हात जोडले, "काकू, मीठ नव्हतं, मी पोटॅश टाकलं होतं. मला माफ करा."