हौसाताईंचं गाऱ्हाणं

आमच्या वाडीत कुणाचं भांडण मिटवायचं असलं की हौसाताईंना बोलावतात. दोन्हीकडचे आपलं विसरून त्यांच्याशीच भांडू लागतात.

त्यांच्या धाकट्या भावाला, गंगारामला, रक्ताचा कॅन्सर झाला. मुंबईत तपासण्या झाल्या आणि त्याला द्यायच्या मूळपेशी जुळल्या त्या नेमक्या ताईंच्या. बांधावरच्या फणसावरून दोघांत सहा वर्षं अबोला होता, तरी ताई निमूट जाऊन पेशी देऊन आल्या.

महिन्याभराने गंगारामच्या अंगावर चट्टे उठले, जुलाब थांबेनात. नव्या पेशी त्याच्या शरीरालाच परकं समजतायत, असं डॉक्टर म्हणाले. ताईंनी तेवढंच धरून ठेवलं. आपला स्वभाव पेशींतून गेला, आता आपणच भावाला मारणार. औषधांनी तो सावरला, घरी आला, पण ह्या त्याच्या दारात जाईनात.

शिमग्यात ग्रामदेवाची पालखी गंगारामकडे यायची होती. जंतुसंसर्गाच्या भीतीने त्याला गर्दी चालणार नव्हती, म्हणून मोजकी माणसं. त्याने निरोप धाडला, बाय आल्याशिवाय देवाला गाऱ्हाणं घालायचं नाही. पालखी शेजारच्या खळ्यात आली तरी ताई माझ्याकडे नारळ खवत बसलेल्या. मी त्यांना तशाच खोबऱ्याच्या हातांनी ओढत नेलं.

गंगाराम मास्क लावून खुर्चीत बसला होता. त्याच्या मुलीने, संस्कृतीने, आत्याला शेजारी बसवून समजावलं. पेशी देण्याआधीच्या जहाल औषधांनी बाबांच्या आतड्याचं अस्तर सोललं गेलं. दुखावलेल्या पेशी आणि तिथून आत शिरलेले जंतू यांनी धोक्याचा इशारा दिला. तो ऐकून शरीराच्या पहारेकऱ्यांनी ओरडा केला, आणि त्या गोंधळात नव्या पेशी घरच्यांवरच तुटून पडल्या. कुणाच्याही पेशींचं असं होऊ शकतं.

"म्हणजे माझ्या स्वभावानं नाय?"

"नाही गो आत्या."

"पण थोडं भांडण हवंच, असं डॉक्टर म्हणतात," गंगाराम म्हणाला. "लपलेला कॅन्सर त्याच पेशी हुडकून मारतात. तेव्हा बाय, अगदीच गरीब गाय होऊ नको."

ताई हसल्या, मग पदराने डोळे पुसले. तेवढ्यात पालखी दारात आली. मानकऱ्यांनी गाऱ्हाण्याला तोंड उघडलं, तर ताईंनी त्यांना हाताने थांबवलं आणि स्वतःच पुढे झाल्या.

"बा म्हाराजा, माझ्या पेशी ह्याच्या अंगात नांदतायत. त्यांना बुद्धी दे. घरच्यांना सांभाळू देत आणि लपलेल्या चोराला सोडू नयेत."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. मास्कमधून गंगारामचा आवाज सगळ्यांच्या वर.